पथकात पहिल्यांदा उतरताय? ढोल बांधण्याआधी कानांची तयारी करा

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरात सगळे गाढ झोपलेले असताना मला कुकरची शिट्टी ऐकू येत होती. बंदच होईना, म्हणून उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर कुकर नव्हता आणि गॅस बंद होता.

ती शिट्टी आज चार वर्षांनीही माझ्या डाव्या कानात आहे. तो माझा ढोल-ताशा पथकातला तिसरा मोसम होता. आधीच्या दोन्ही वर्षी कान वाजले होते आणि दोन दिवसांत थांबले होते. आम्ही सगळे त्याला ‘वादन चढलं’ म्हणायचो, आणि कान वाजले नाहीत तर वादनात काही कमी पडलं असं वाटायचं. ती कानाची तक्रार आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही कुणाला विचारलं नव्हतं.

मी पथक सोडलेलं नाही. आजही ढोल बांधते, फरक एवढाच की आता कान झाकून वाजवते. दर वर्षी वाद्यपूजनाच्या सुमारास अठरा-वीस वर्षांची नवी मुलंमुली येतात. त्यांना टिपरू कसं धरायचं, पट्टा कमरेला कसा बांधायचा, हाताला फोड आला तर काय लावायचं हे सगळे शिकवतात. कानांचं कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

१. कान सरावतो हा समज आधी काढून टाका

पहिल्या दिवशी आवाज असह्य वाटतो, आठवड्याभराने काही वाटेनासं होतं. जुने वादक म्हणतात, ‘होईल सवय.’ सवय होते ती मनाला. हातावर घट्टे पडतात तसे कानाच्या आत पडत नाहीत.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक गुंडाळलेली नळी असते. तिच्यात केसांसारखे बारीक तंतू असलेल्या साधारण १५ हजार पेशी असतात आणि आवाज मेंदूपर्यंत जातो तो त्यांच्यामुळे. मोठ्या आवाजाने त्या थकतात, आणि वारंवार मार बसला की मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वादनानंतर कान बधिर वाटणं, आवाज कापसाआडून आल्यासारखे वाटणं, शिट्टी वाजणं या सगळ्याचा अर्थ पेशी थकल्या असा आहे. एकदोन दिवसांत बरं वाटतं, पण तेवढ्यावर विसंबू नका. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांना १०० डेसिबलचा आवाज २ तास ऐकवला. त्यांचं ऐकणं काही दिवसांत चाचणीपुरतं पूर्ववत झालं, पण कानातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जोडण्या कायमच्या तुटल्या होत्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण १०० डेसिबल आणि २ तास म्हणजे जवळजवळ आपला संध्याकाळचा सरावच. ते वाचल्यापासून ‘दोन दिवसांत जातं’ या वाक्यावर माझा विश्वास राहिलेला नाही.

नुकसान आधी बारीक, उंच आवाजांचं होतं. कानाच्या बाहेरच्या नळीची लांबी अशी असते की ३००० हर्ट्झच्या (आवाज किती बारीक, त्याचं हे माप) आसपासचे आवाज आत पोचेपर्यंत आणखी मोठे होतात. त्यामुळे पहिला मार बहुतेक वेळा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात, त्यातही ४००० ला बसतो. बोलण्यातले स, श, फ, थ हे उच्चार अशाच उंच पट्ट्यात असतात. म्हणून ‘मला ऐकू येत नाही’ असं वाटतच नाही. ‘लोक पुटपुटतात’ असं वाटतं. माझं तसंच झालं. गर्दीच्या हॉटेलात मैत्रीण बोलते आहे हे कळायचं, काय बोलते ते कळायचं नाही. फोनवर आई ‘सात वाजता ये’ म्हणायची आणि मी आठला पोचायचे.

२. आवाजाचं गणित एकदा समजून घ्या

डेसिबलची मोजपट्टी सरळ नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे सुरक्षित वेळ निम्मा होतो. कामाच्या जागेसाठी अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संस्थेने दिलेली मर्यादा लक्षात ठेवायला सोपी आहे:

८५ डेसिबल: ८ तास
८८ डेसिबल: ४ तास
९१ डेसिबल: २ तास
९४ डेसिबल: १ तास
१०० डेसिबल: १५ मिनिटं

आता दोन तासांचा सराव १०० डेसिबलला धरा. १२० भागिले १५, म्हणजे एका संध्याकाळी दिवसाच्या मर्यादेच्या आठपट. आणि असा सराव दीड-दोन महिने चालतो.

पुण्यातल्या ‘सीओईपी’ या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी गेली अनेक वर्षं विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत आवाज मोजतात. आकडे कित्येकदा शंभराच्या वर गेलेत. ते रस्त्यावरचे आकडे झाले. आपल्या कानापासून शेजारचा ताशा हातभर अंतरावर असतो.

नदीपात्रातला सराव फसवा असतो, हेही इथेच सांगते. वर आभाळ आणि दोन्ही बाजूंना मोकळं, त्यामुळे आवाज निघून जातो. तेच पथक लक्ष्मी रस्त्यावर शिरलं की दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून आवाज परत येतो, शिवाय पुढच्या-मागच्या पथकांचा आणि स्पीकरचा आवाज त्यात मिसळतो. ‘सरावात काही झालं नाही’ म्हणून मिरवणुकीत कानात आवाज अडवणारे प्लग न घालणं ही चूक मीच केली.

फोनवर आवाज मोजायचं ॲप घ्या, पण आकडा अंदाजापुरता धरा. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, ढोलासमोर तो गुदमरतो आणि बऱ्याचदा आकडा कमी दाखवतो. ‘नायोश’चं मोफत ॲप आयफोनवर बरं चालतं. ॲपपेक्षाही साधी खूण अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर प्लग घालायची वेळ झालेली आहे.

३. सराव सुरू होण्याआधी चाचणी करून घ्या

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली आणि अजून पस्तावते. माझा पहिला रिपोर्ट त्रास झाल्यानंतरचा आहे, त्यामुळे आधी माझे कान कसे होते ते आता कुणीच सांगू शकत नाही.

चाचणीचं नाव प्युअर टोन ऑडिओमेट्री, बोलताना ‘पीटीए’. ती ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ, करतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या बऱ्याच दवाखान्यांत आणि मोठ्या रुग्णालयांत सोय असते. ससूनमध्ये कान-नाक-घसा विभाग आहे. धनकवडीला भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजीचं महाविद्यालय आहे. जाण्याआधी फोन करून वेळ, खर्च आणि आवाजबंद खोली आहे का, एवढं विचारा. रस्त्याचा आवाज येणाऱ्या खोलीतली चाचणी उपयोगाची नाही.

सोबत काय न्यायचं:

- आधार कार्ड आणि कानाचे जुने कागद असतील तर ते
- चालू औषधांची यादी (काही औषधांचा कानावर परिणाम होतो, म्हणून विचारतात)
- एका चिठ्ठीवर: किती मोसम वाजवलं, आठवड्याला किती तास, कोणत्या बाजूला ताशा असतो, इअरफोन किती वेळ वापरता
- घरात कुणाला तरुणपणी कमी ऐकू यायला लागलं असेल तर त्याची माहिती

आदल्या दिवशी वादन, डीजे, इअरफोन काही नको. निदान १६ तास कान शांत ठेवा. सरावावरून थेट चाचणीला गेलात तर थकलेल्या कानाचा रिपोर्ट हातात येईल.

खोलीत हेडफोन लावून बसवतात, हातात बटण देतात. बारीक ‘पी’ ऐकू आली की दाबायचं. माझी अडचण अशी झाली की कोणती ‘पी’ मशीनची आणि कोणती माझ्याच कानातली, तेच कळेना. अंदाजाने दाबत राहिले. शेवटी ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आवाज तुटक करून दिला, पी-पी-पी असा, आणि मग फरक लगेच कळला. तुमचा कान वाजत असेल तर बसल्याबसल्याच सांगा. आणि ३००० व ६००० हर्ट्झही तपासा अशी विनंती करा. काही ठिकाणी हे आकडे गाळतात, आणि आपल्याला नेमके तेच हवे असतात.

रिपोर्टवरचा आलेख उलटा असतो, रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. माझी निळी रेघ २००० पर्यंत सरळ होती, ४००० ला खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली आणि ८००० ला पुन्हा वर आली. आवाजाने कान गेल्याची ही ओळखीची खूण आहे. सराव करताना माझ्या डाव्या हाताला ताशाची रांग असायची.

४. प्लग निवडणं

कापूस घालू नका. कापसाने समाधान मिळतं, आवाज जेमतेम कमी होतो. इअरफोन नुसते कानात घालून ठेवणं हा उपाय नव्हे, आणि आवाज गाळणारे महागडे इअरफोन या कामासाठी बनवलेले नसतात.

*फोमचे प्लग.* औषधांच्या दुकानात किंवा हेल्मेट-हातमोजे विकणाऱ्या सेफ्टीच्या दुकानात मिळतात, अगदी स्वस्त. आवाज भरपूर कमी करतात, पण उंच आवाज जास्त गिळतात, त्यामुळे सगळं दबलेलं वाटतं. सुरुवातीला हेच घ्या.

*वादकांसाठीचे प्लग.* यात गाळणी असते. सगळ्या पट्ट्यांतला आवाज साधारण सारखाच कमी होतो, त्यामुळे ठेका आणि ताशाची तर्री, म्हणजे काड्यांचा जलद सलग कडकडाट, स्पष्ट ऐकू येते. महाग असतात, पण धुऊन वर्षानुवर्षं वापरता येतात. ताशा वाजवणाऱ्यांनी शक्यतो हेच घ्यावेत.

*कानाच्या मापाचे प्लग.* ऑडिओलॉजिस्ट कानाचा साचा घेऊन करून देतात. पहिल्याच वर्षी एवढा खर्च करायची गरज नाही.

प्लग किती डेसिबल कमी करतो ते सांगणारा ‘एनआरआर’ आकडा पाकिटावर असतो, त्याला भुलू नका. तो प्रयोगशाळेतला असतो. ढोबळ हिशोब असा: त्यातून ७ वजा करा आणि उरलेलं निम्मं करा. ३३ लिहिलं असेल तर प्रत्यक्षात १३ डेसिबल धरा. तेवढेही खूप झाले. १०० चा आवाज कानात ८७ होऊन पोचला की १५ मिनिटांच्या जागी पाच तास मिळतात.

५. प्लग घालायला शिका, घरी, आरशासमोर

निम्म्या लोकांना प्लग ‘चालत नाहीत’, कारण ते अर्धेच आत गेलेले असतात.

हात साबणाने धुवा. फोमचा प्लग बोटांत वळून उदबत्तीच्या काडीसारखा बारीक करा, सुरकुती पडू देऊ नका. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वरून धरा आणि वर-मागे ओढा. याने आतली वाकडी वाट सरळ होते. प्लग आत सरकवा आणि बोटाने धरून ३० पर्यंत मोजा, तो आत फुलतो. लगेच सोडलात तर तो बाहेर सरकतो, आणि ही चूक सगळ्यांकडून होते.

नीट बसला का ते कळायला ‘ॐ’ म्हणा. आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला तर बसला. मग दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून पाहा. बाहेरच्या आवाजात मोठा फरक पडत असेल तर प्लग ढिला आहे, काढून पुन्हा घाला. समोरून आरशात प्लगचं टोक फारसं दिसायला नको.

६. सरावाचे पहिले दिवस

पहिले तीन-चार दिवस विचित्र वाटेल. स्वतःचा श्वास ऐकू येतो, ढोल लांब कुठेतरी वाजतोय असं वाटतं. इथे एक धोका आहे: आवाज कमी वाटतो म्हणून हात आपोआप जोरात पडतो. माझं मनगट असंच सुजलं होतं. आधी हळू वाजवा. ढोलाचा ठोका कानाआधी छातीत आणि पोटात कळतो, त्यावर लक्ष ठेवा. ताशाच्या इशाऱ्यासाठी ताशेवाल्याच्या काड्यांकडे बघायची सवय लावा. आठवड्यात जमतं.

दुसरी चूक म्हणजे सूचना ऐकायला, पाणी प्यायला, गप्पा मारायला सारखा प्लग काढणं. हिशोब बघा: प्लग २० डेसिबल कमी करतो आणि तासात फक्त ६ मिनिटं आवाज चालू असताना तो काढलात, तर तासाभराच्या हिशोबात फायदा उरतो जेमतेम १०. काढायचाच तर लांब जाऊन काढा.

७. जागा आणि पथकप्रमुखांशी बोलणं

आमच्या पथकात पुढे ध्वज, मग ताशे, त्यांना लागून ढोलांच्या रांगा. ताशाशेजारची जागा मानाची समजली जाते आणि कानांना तीच सर्वांत वाईट. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे दोन पावलं मागे सरकणंही कामाचं आहे. झांजेच्या शेजारीही सांभाळा.

दादांशी बोलायला मला एक वर्ष लागलं. घाबरट ठरेन असं वाटायचं. शेवटी मी त्यांना इतकंच म्हणाले, ‘दादा, माझा डावा कान वाजतो, रांगेत बाजू बदलून द्याल का? आणि ताशाजवळची मुलं दर आवर्तनाला फिरवूया का?’ ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, ‘माझा पण वाजतो गं, कधीपासून.’ त्या मोसमापासून आमच्याकडे जागा फिरतात आणि वाद्यांच्या पेटीत फोम प्लगचा डबा असतो. तुम्हीही विचारा. बऱ्याच वेळा समोरच्यालाही तेच बोलायचं असतं.

८. मिरवणुकीचा दिवस

प्लग फेट्याच्या आधी घाला. फेटा एकदा कानावर आला की प्लग नीट बसवता येत नाही. आणि फेट्याने आवाज अडत नाही.

कमरेच्या बटव्यात झाकणाच्या डबीत दोन जादा जोड्या ठेवा. घामाने फोम निसटतो. गुलालाच्या किंवा मातीच्या हाताने प्लगला हात लावू नका, आधी बाटलीतल्या पाण्याने हात धुवा. भाद्रपदाच्या दमट हवेत कानात बुरशी होते आणि ती फार त्रास देते. कान आधीच दुखत किंवा वाहत असेल तर प्लग घालू नका, आणि त्या दिवशी वाजवूही नका. ध्वज घ्या, पण मागे राहून, ताशांपासून लांब.

स्थिरवादनाच्या मध्ये वेळ मिळाला तर बाजूच्या गल्लीत शिरा. स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहून विश्रांती होत नाही. बघायला आलेले नातेवाईक लहान मुलांना खांद्यावर घेऊन पुढे उभे राहतात, त्यांना मागे व्हायला सांगा. तेवढं तरी आपण करू शकतो.

९. वादन नसताना

सराव संपल्यावर घरी जाताना इअरफोन लावू नका. कानांना रात्रभर शांतता द्या. एरवी आवाज फोनच्या पट्टीच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवा. बसच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवणं ही रोजची चूक आहे, तिथे आवाज गाळणारे इअरफोन खरंच उपयोगी पडतात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास असा आहे. तो सरावात कधीच संपलेला असतो.

१०. डॉक्टरांकडे कधी जायचं

कान वाजणं किंवा बधिरपणा दोन दिवसांत गेला नाही तर जा. चक्कर, कान दुखणं, पाणी किंवा रक्त येणं असेल तर लगेच.

एका कानाचं ऐकणं अचानक उतरलं, उठल्यावर एक कान बंद वाटला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. गणपती झाल्यावर बघू म्हणू नका. अशा त्रासावर स्टेरॉइडचे उपचार असतात आणि ते जितके लवकर सुरू होतील तितकी आशा जास्त. दोन आठवडे उलटले की ती बरीच कमी होते.

मी आधी गेले त्या दवाखान्यात बॅटरीने कान बघून ‘मळ आहे’ म्हणून थेंब दिले. मळ होताही. पण चाचणी झाली नाही आणि माझा महिना गेला. तुम्ही स्वतःहून म्हणा, ‘मी ढोल वाजवते, मला पीटीए करायची आहे.’ मळ काढायला काडी, पिन किंवा रस्त्यावरचा कान साफ करणारा नको. कोमट तेलही नको.

कायमच्या शिट्टीवर गोळी नाही, हे मी बरेच पैसे घालवून शिकले. पण त्रास कमी होतो. रात्री पंखा किंवा पावसाचा हलका आवाज लावून झोपा, अगदी शांत खोलीत शिट्टी मोठी होते. समुपदेशनाने फरक पडतो, मला पडला. आता दिवसातले कित्येक तास ती माझ्या लक्षातही येत नाही.

११. मोसम संपल्यावर पुन्हा चाचणी

विसर्जनानंतर साधारण दोन आठवडे थांबून, नवरात्राच्या वादनाच्या सुपाऱ्या घेण्याआधी, त्याच ठिकाणी पीटीए करा. जुना रिपोर्ट सोबत न्या आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवायला सांगा. कुठल्याही एका आकड्याला १५ डेसिबल किंवा अधिक फरक दिसला तर काही दिवसांनी चाचणी पुन्हा करा. तेव्हाही तो राहिला तर त्या वर्षीच्या सुपाऱ्या सोडा, प्लग बदला आणि पुढच्या मोसमात ताशापासून लांबची रांग मागून घ्या. दोन्ही रिपोर्टचे फोटो फोनमध्ये ठेवा. कागद पावसात भिजतात, माझा भिजला होता.